कच्चं वाक्य

कच्चं: मला कामावरून काढलं.
पक्कं: तिथलं माझं शिकणं पूर्ण झालं होतं.

कच्चं: साहेबाशी भांडलो.
पक्कं: मी माझं मत स्पष्ट मांडतो.

कच्चं: आई अंथरुणाला खिळली होती, दोन वर्षं घराबाहेर पडलो नाही.
पक्कं: दोन वर्षं एक अवघड जबाबदारी एकट्याने पार पाडली.

ही रीत ज्यांनी बसवली ते मास्तर आठवडाभर कामावर आलेले नाहीत. फळ्यावरचा त्यांचा चेहरा मात्र हसतो आहे.

*

आधी फळ्याचं सांगायला हवं.

हे रोजगार मदत केंद्र. काम गेलेली माणसं इथे येतात, दारातल्या यंत्रातून टोकन घेतात, बाकांवर बसतात. आकडा लागला की खिडकीवर जातात. खिडकीमागचा सल्लागार त्यांना मुलाखतीत काय बोलायचं ते शिकवतो. आत, चहाच्या यंत्राशेजारी, भिंतीवर एक पांढरा फळा आहे. वर लिहिलंय, 'आज कसं वाटतंय?' खाली प्रत्येक कर्मचाऱ्याची एक गोल चकती. एका बाजूने हिरवी, हसरी. दुसऱ्या बाजूने लाल, तोंड पाडलेली. सकाळी आल्याआल्या आपली चकती लावायची.

लाल लावली तर साहेब काचेच्या खोलीत बोलावतात. पाणी देतात. पंखा वाढवतात. मग विचारतात, "तुमच्या फाइली कुणाकडे देऊ?" फाइली गेल्या की कामाचे आकडे गेले आणि आकडे गेले की करार गेला. इथे साहेब सोडून सगळे करारावर. एकदा तिसऱ्या खिडकीवरच्या बोक्याने दाढ दुखते म्हणून लाल लावली. (बोका, कारण फ्रिजमधलं दूध तोच संपवतो.) दाढ काढून आला, गालाची सूज उतरली, तरी साहेब त्याच्याकडे शोकसभेत बघावं तसं बघत राहिले. तेव्हापासून फळा बारमाही हिरवा. "आपल्याकडे दुष्काळ पडतच नाही," बोका म्हणतो.

मास्तर नाहीत, पण त्यांची चकती रोज कुणीतरी हिरवी करून ठेवतं. कोण, ते कुणी विचारत नाही. आज तर ती ओल्या फडक्याने पुसलेली दिसते, कारण आज पाहुणे येणार आहेत. केंद्राला पैसा देणाऱ्या संस्थेचे. ते बेकारांना बघायला येत नाहीयेत, कर्मचारी किती आनंदात आहेत ते बघायला येतायत.

*

वहिनींचा फोन आला तेव्हा धाकटी पुढचा आकडा लावणार होती. धाकटी म्हणजे दुसऱ्या खिडकीवरची सल्लागार. वयाने बोक्याहून मोठीच, पण मास्तरांच्या हाताखाली शेवटी आली म्हणून धाकटी, आणि मग सगळ्यांचीच. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको.

"अगं धाकटे, हे आहेत का जवळ? फोन उचलत नाहीत."

तिने पहिल्या खिडकीकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवर मास्तरांचा राखाडी स्वेटर तसाच लटकत होता.

"आहेत की वहिनी. समोर माणूस बसलाय ना, म्हणून."

"बरं बाई. मला आपलं उगाचच. रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा नसतो ना हल्ली. पण डबा रिकामा येतो, म्हणजे जेवतात म्हणायचं."

"जेवतात ना. आमच्याबरोबरच."

"तू बघतेस म्हणून मला घोर नाही."

फोन ठेवल्यावर धाकटीचा हात टेबलावर तसाच राहिला. खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. 'नाहीत' हा शब्द तोंडापर्यंत आला आणि आपोआप पालथा पडला. या खिडकीमागे 'नाही' म्हणायचं नसतं. सवयीने जीभ आता तिची राहिलीच नव्हती.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आठवडाभर ती समजत होती की मास्तर घरी आहेत, रजेवर. साहेबांनी तसंच सांगितलं होतं. पण मास्तर रोज सकाळी घरून निघतात. डबा घेऊन. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परततात.

मग दिवसभर कुठे असतात?

*

आठवड्यापूर्वी. चहाचं यंत्र.

मास्तरांनी कप खाली धरला होता आणि बटण दाबायचं विसरले होते. मागे बोका, त्याच्यामागे धाकटी. मास्तर यंत्राकडे बघतच म्हणाले,

"पोरी, मला आता होत नाही गं."

आणि धाकटीने, मास्तरांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीने, क्षणाचाही वेळ न लावता उत्तर दिलं होतं:

"'होत नाही' नाही मास्तर. 'कामाची नवी पद्धत शोधायला उत्सुक आहे.'"

बोका खो खो हसला. ऑफिसात हा खेळच होता. कुणी म्हणालं भूक लागली, की दुसरा म्हणणार, 'माझ्यात भूक आहे, साहेब!' कुणी म्हणालं जांभया येतायत, की, 'मी तोंड उघडायला घाबरत नाही!' मास्तरही हसले. वळून म्हणाले,

"दहापैकी नऊ."

"एक कुठे गेला?"

"एक माझ्याकडे राहू दे."

रिकामा कप घेऊनच ते खिडकीवर गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

*

"धाकट्या मॅडम, जरा बाहेर या." दारावरचे काका. एरवी ते टोकनच्या यंत्रापासून हलत नाहीत. "मास्तर आलेत."

"कुठायत? मागच्या दाराने आले?"

"पुढच्या. टोकन काढून बाकावर बसलेत. मी म्हटलं, मास्तर, काय चेष्टा करता. तर म्हणाले, काका, रांग मोडू नका."

धाकटी बाहेर आली. मधल्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला मास्तर बसले होते. इस्त्रीचा शर्ट. दाढी केलेली, पण गालावर एक पट्टा सुटलेला. डब्याची पिशवी दोन्ही पायांमध्ये. हातात टोकन: एकशे सदतीस. भिंतीवरच्या पाटीवर आकडा जळत होता, एकशे तेहतीस.

"मास्तर."

"काम चालू दे तुझं."

"आत चला ना. चहा घेऊ."

"नंबर आला की येतो."

शेजारी बसलेला क्रेनवाला मध्ये पडला. हा माणूस धाकटीला माहीत होता. बंदरावर मोठी क्रेन चालवायचा. क्रेन आपोआप चालायला लागल्या आणि हा खाली उतरला. "मॅडम, हे काका तुमचेच ना? मागे मला यांनीच शिकवलं होतं. आज एक अक्षर बोलत नाहीत. मी विचारलं, काका, आज तुम्ही या बाजूला कसे? तर म्हणतात, दृश्य वेगळं दिसतं."

"मास्तर, तुमचं टोकन मला द्या, मी आत्ता घेते तुम्हाला."

हे तिने हळूच म्हटलं होतं, पण बाकांना कान असतात.

"ओ मॅडम! ओळखीच्यांना मधेच घेताय होय?"

"आम्ही काय इथे हवा खायला आलोय?"

"बघितलंत?" मास्तर म्हणाले. ते हसत होते. ओठ फळ्यावरच्या चकतीसारखे वर वळलेले, आणि वर डोळ्यांचा पत्ताच नाही. "जा. आकडे लाव."

*

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. साहेब म्हणजे केंद्रप्रमुख, बोलताना दोन्ही हात हवेत अलगद ठेवणारे, जणू समोर एखादं झोपलेलं मूल आहे.

"मॅडम, तुमचे मास्तर बाहेर बसलेत."

"हो. त्यांना बरं दिसत नाही साहेब. मला वाटतं आपण—"

"अगदी बरोबर. आपण त्यांना आत घेऊ. मागच्या दाराने. गळ्यात ओळखपत्र घालायचं आणि त्यांच्या खुर्चीवर बसवायचं. पाहुणे अर्ध्या तासात येतील. खुर्ची रिकामी दिसता कामा नये."

"ते येणार नाहीत. नंबर आला की येतील म्हणतात."

"मग नंबर येण्याआधी पटवा. आपल्याकडे पटवण्यात तुमचा हात कोण धरतं?" साहेबांनी हात आणखी अलगद केले. "आणि हे बघा, मी बोलणार नव्हतो. तुमच्या कराराचा कागद माझ्या टेबलावर आहे. मला तो चांगल्या मनाने पुढे पाठवू द्या."

कच्चं: धमकी.
पक्कं: साहेब आत्ता बोलले तेच.

*

एकशे चौतीस. शिवणकाम करणारी बाई. "डोळ्यांना कमी दिसायला लागलंय." धाकटीने बघितलंच नाही तिच्याकडे. काचेतून बाकाकडे बघत म्हणाली, "म्हणा, मी हाताच्या अंदाजाने बारीक काम करते." बाईने ते दोनदा घोकलं. टोकन बंद.

एकशे पस्तीस. ड्रायव्हर. अपघातानंतर रस्ता ओलांडतानाही घाबरतो. "म्हणा, सुरक्षिततेला मी सर्वांत वर ठेवतो." टोकन बंद.

एकशे छत्तीस. कुणीतरी. काहीतरी. म्हणा. बंद.

बाकावर मास्तर होते. अजून होते.

एकशे सदतीस.

*

मास्तर उठले, पिशवी उचलली, काका उघडून देत होते ते कर्मचाऱ्यांचं दार टाळून वळसा घालून खिडकीच्या पुढच्या बाजूला आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. टोकन खाचेतून आत सरकवलं. टोकन यंत्रात गेलं की सल्लागारासमोरचा संगणकाचा पडदा हिरवा होतो, ठरलेला वेळ संपत आला की पिवळा, आणि मग लाल. टोकन बंद केल्याशिवाय पुढचा आकडा लागत नाही. आणि टोकन बंद होईपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही, अशी पाटी काचेवर आहे. ती पाटी मास्तरांच्याच अक्षरात आहे.

"बोला मास्तर."

"असं नाही. नीट विचार."

तिने घसा साफ केला. "स्वतःबद्दल थोडं सांगा."

"कच्चं सांगू?"

"सांगा."

"मला ऐकू येईनासं झालंय. म्हणजे कान शाबूत आहेत. पण परवा, नाही, ते आधीचं, एक बाई आली. म्हणाली, माझा नवरा गेला. आणि मला ऐकू आलं, 'स्वतंत्रपणे निर्णय घेण्याची सवय आहे.' ती पुढे बोलत होती, तो कसा गेला, काय झालं. मी मान हलवत होतो आणि मनात वाक्यं लावत होतो. ती रडत होती हे मला ती उठून गेल्यावर कळलं. टेबल ओलं होतं."

"मास्तर, तुम्ही दमला—"

"घरी ही म्हणाली, पाय फार दुखतात हो. मी म्हटलं, 'म्हणजे तू दिवसभर उभी राहून काम करू शकतेस.' ती हसली. पोरी, मी गंमत केली नव्हती."

पडदा अजून हिरवा होता.

"रोज कुठे जाता?"

"पहिले दोन दिवस बागेत बसलो. मग म्हटलं, आपण लोकांना सांगतो ना, मदत मागायला लाज कसली. म्हणून त्या पलीकडच्या केंद्रात गेलो. आपल्याला तिथे कोण ओळखतंय. टोकन घेतलं. नंबर आला. चुणचुणीत पोरगी होती. मी सांगितलं, बाई, मला काही होत नाही. तर ती काय म्हणाली?"

धाकटीला माहीत होतं.

"म्हणाली, 'असं नाही काका. म्हणा, नवी पद्धत शोधायला उत्सुक आहे.' अगदी तुझं वाक्य. तुझं म्हणजे माझंच. माझं तुझ्याकडे, तुझ्याकडून आणखी कुणाकडे. सगळीकडे पोचलंय ते. आता जाऊ कुठे?"

"मास्तर, त्या दिवशी चहाजवळ मी—"

"तू नऊ मार्कांचं बोललीस. तुझी चूक काढायला नाही आलो मी." त्यांनी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले. "स्वतःचं बोलायला गेलो तरी ते पक्कं होऊनच बाहेर पडतं. मनातल्या मनातसुद्धा. नदीच्या पुलावर उभा राहतो मी रोज. मला मरावंसं वाटतं, हे इतकं साधं, तेही मला स्वतःशी म्हणता येईना. परवा कठड्याला हात लावला आणि मनात काय आलं, सांगू?"

"सांगा."

"'बदलासाठी तयार आहे.'"

*

कच्चं: मला मरावंसं वाटतं.
पक्कं:

*

ते आलं. तिच्या तोंडात वाक्य आलं. कोणतं ते ती पुढे कधीच कुणाला सांगणार नव्हती, पण ते तयार होतं, गुळगुळीत, कडा घासलेलं, जिभेच्या टोकावर. तिने दात मिटले. वाक्य आत ढकललं तर त्याच्यामागे दुसरं. त्याच्यामागे तिसरं. इतकी वर्षं या खिडकीवर, आणि एका माणसाने मरणाची गोष्ट काढली तर तिच्याकडे सांत्वनाची नुसती पाकिटं होती, आत काही नाही.

"हं," ती म्हणाली.

मास्तरांनी वर बघितलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? मग घरी गेलो."

"आज?"

"आज म्हटलं, एकदा इथे येऊन बघू. तू ऐकतेस का."

"आणि इथून?"

मास्तर तिच्या गालाकडे बघत होते. पडदा पिवळा झाला होता. खिडकीच्या पुढच्या बाजूने तो दिसत नाही, पण त्याचा रंग सल्लागाराच्या गालावर पडतो, आणि मास्तरांना तो रंग वाचता येत होता.

"टोकन बंद झालं की जातो," ते म्हणाले.

"घरी?"

पिशवीचे बंद सुटले आणि पुन्हा गुंडाळले गेले.

*

तिने फोन काढला. मास्तरांच्या डोळ्यांसमोर, काचेच्या अलीकडे टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

"वहिनी, मी मघाशी खोटं बोलले."

पलीकडे भांड्याचा आवाज होता. तो थांबला.

"मास्तर आठवडाभर कामावर नव्हते. आज आलेत. माझ्यासमोर बसलेत. त्यांना बरं नाही वहिनी. त्यांना जीव नकोसा झालाय. तुम्ही या."

मग वहिनींचा आवाज आला, बारीक, एखाद्या पेटीत बंद असल्यासारखा.

"ऐकतायत का ते?"

"ऐकतायत."

"अहो," वहिनी म्हणाल्या. "अहो, मी निघाले. दोन बस बदलाव्या लागतील. बसा तिथेच. उठू देऊ नकोस गं त्यांना."

"नाही देत."

"खरं सांग. मघासारखं नको."

"नाही देत वहिनी. खरं."

मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे. "तिला कशाला त्रास," ते म्हणाले. "पाय दुखतात तिचे." मग त्यांचा चेहरा एकदम आक्रसला, आणि ते काही क्षण तसेच राहिले, कारण त्यांना ऐकू आलं होतं, आपण आत्ता काय म्हणालो ते.

पडदा लाल झाला.

*

लाल पडद्याचं असं असतं:

बाहेरची पाटी एकशे सदतीसवर थांबते. आधी बाक कुरकुरतात. मग माणसं. "झोपल्या काय मॅडम?" "एकाच माणसाला किती वेळ?" पहिली खिडकी रिकामी, तिसरीवर बोक्याची बोटं उडतायत. साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावर दुसरी खिडकी लुकलुकायला लागते. साहेब काचेवर बोटाने टकटक करतात. एकदा. मग दोनदा, हसून, कारण त्यांच्यामागे पाहुणे आलेले असतात.

पाहुणे दोघे होते. एक उंच बाई आणि एक गृहस्थ, ज्यांच्या हातातलं पेन उघडंच होतं. बाई थेट खिडकीशी आली आणि मास्तरांना बेकार समजून प्रेमाने वाकली.

"नमस्कार. तुमचा अनुभव कसा आहे इथला?"

आणि मास्तरांचं तोंड उघडलं. धाकटीने ते होताना बघितलं, दोन हातांवरून, आणि तिला ते थांबवता आलं नाही. पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली, ओठ वळले.

"इथे माणसाचं फार आपुलकीने ऐकून घेतात," मास्तर म्हणाले.

"वा!" पेन चाललं.

"हे इथेच नोकरीला आहेत," धाकटी म्हणाली. मोठ्याने. बोक्याचं टायपिंग थांबलं. "हे आमचे मास्तर. आठवडाभर पुलावर उभे राहतायत. आणि आत फळ्यावर यांचं तोंड हिरवं आहे."

बाईने साहेबांकडे बघितलं. साहेबांचे हात हवेत अलगद वर आले. त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. त्यांनाही मास्तरांनीच शिकवलं होतं.

"म्हणजे, हा आमचा नवा उपक्रम," साहेब म्हणाले. "आमचे ज्येष्ठ सहकारी अधूनमधून स्वतः बाकावर बसतात. पुलासारखं काम करतात. येणाऱ्याला काय वाटतं ते आतून समजून घ्यायला."

"किती सुंदर," बाई म्हणाली.

"चला, फळा दाखवतो."

ते गेले. जाताना साहेबांनी वळून धाकटीकडे बघितलं. त्या बघण्याला पक्कं वाक्य नव्हतं.

बोका खुर्ची सरकवत तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पुलावर म्हणजे? खरंच?"

"खरंच."

"मी हसलो होतो गं त्या दिवशी." तो मास्तरांकडे बघेना. "मी काय करू? सांग ना. बाहेरचे बोंबलतायत, मी तुझे नंबर घेतो. चालेल?"

"दूध आण," धाकटी म्हणाली. "गरम. यांनी सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही, डबा जड आहे."

"डबा मी रोज कुत्र्यांना घालतो," मास्तर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. दहापैकी शून्य मार्कांचं वाक्य होतं ते, आणि धाकटीला ते ऐकून रडू आलं.

*

"हं."

"भेंडी असली की ती खात नाहीत. पोळी खातात."

"मग?"

"एक लंगडी आहे. ती मला ओळखायला लागली."

"हं."

"ती दिसली की मला वाटतं आज नको. मग ती जाते."

"मग?"

तिला दुसरं काही येत नव्हतं. ती दोनच शब्द वापरत होती आणि तेही हाताने धरून, जणू सुटले तर पालथे पडतील. बाहेर कुणीतरी बाकावर मूठ आपटली. काकांचा आवाज आला, "अरे थांबा रे, माणूस आहे तिथे." दोन बस. पहिली वेळेवर असते, दुसरीचा भरवसा नसतो.

*

घंटा.

दाराजवळ पितळेची घंटा टांगलेली आहे. कुणाला काम लागलं की त्याने स्वतः ती वाजवायची आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. बाकांनीसुद्धा. ही रीतही मास्तरांचीच.

घंटा क्रेनवाला वाजवत होता. एका हातात फोन, डोळे भरलेले, दोरी तुटेल इतक्या जोराने. "लागलं! गोदामात लागलं! काका, तुमचंच वाक्य! 'उंचावरून पूर्ण चित्र पाहायची सवय आहे.' तेच बोललो मी! तेच!"

बाक उठले. बोका उठला, दुधाच्या कपासकट. आतून साहेब आणि पाहुणे टाळ्या वाजवतच बाहेर आले. ज्यांना काम नव्हतं तेही वाजवत होते, आणि मनापासून.

आणि मास्तर उठले.

खुर्चीवरून उठले. पिशवी एका मनगटावर घेतली, तळहात एकमेकांवर आपटायला लागले. पाय दाराच्या दिशेने वळलेले. घंटेनंतर माणसं निघतात, ही सवय असते. चेहरा उजळला होता, आणि त्या उजेडाचीच धाकटीला भीती वाटली.

तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. टोकनच्या खाचेतून तिने हात कोपरापर्यंत बाहेर घातला आणि त्यांच्या शर्टाची बाही धरली.

"मास्तर, बसा. टोकन चालू आहे."

"लागलं गं त्याला."

"लागलं. तुम्ही बसा."

"माझ्या वाक्याने लागलं."

"हो. बसा."

त्यांनी काचेवरची पाटी वाचली. स्वतःचं अक्षर. टोकन बंद होईपर्यंत. टाळ्या विरत गेल्या. त्यांच्या मात्र आणखी दोन-तीन वाजल्या, एकट्याच, आणि मग हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

ते बसले.

बाही तिने सोडली नाही. खाचेची कड दंडात रुतत होती. गालावर लाल उजेड होता, आणि साहेब येत होते, या वेळी हात खाली ठेवून, सरळ तिच्या खिडकीमागे, जिथून यंत्राची वायर भिंतीत जाते.

"मॅडम, टोकन बंद करा."

"नाही," धाकटी म्हणाली. कच्चं. तसंच.

आणि काचेतून, मास्तरांना:

"मग? ती लंगडी. मग काय झालं?"